नवा कॅमेरा शिकताना: ‘ए’ मोड की ‘एम’ मोड?

एका मैत्रिणीने नवा मिररलेस कॅमेरा घेतलाय आणि मोड निवडायच्या डायलपाशीच अडलीये: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी म्हणजे ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’, की थेट मॅन्युअल म्हणजे ‘एम’, जिथे सगळे आकडे आपणच ठरवायचे?

मेहनत कमी ‘ए’मध्ये. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) तुम्ही निवडायचं, शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो) कॅमेरा ठरवतो. ‘एम’मध्ये उन्हातून सावलीत आलात की पुन्हा आकडे फिरवा, तोवर पळणारं मूल फ्रेमबाहेर गेलेलं असतं.

पण ‘ए’ही बेसावधपणे वापरू नका. आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील) १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवून घरात फोटो काढलात, तर कॅमेरा शटर पार १/८ सेकंदापेक्षाही हळू करू शकतो आणि माणसं हललेली येतात. म्हणून ऑटो आयएसओ (कॅमेराच आयएसओ बदलतो) चालू करून शटरचा किमान वेग १/१२५ सेकंद ठेवाच. ही सेटिंग मेन्यूत खोल दडलेली असते, तरी शोधाच.

समज पक्की होते ती मात्र ‘एम’मध्येच, कारण प्रत्येक आकड्याचा परिणाम आपल्यालाच सांभाळावा लागतो.

प्रवास, समारंभ, मुलांचे फोटो काढायचे असतील तर ‘ए’ घ्या. ट्रायपॉडवर रात्रीचं आकाश, स्टुडिओ फ्लॅश किंवा पॅनोरमासाठी ‘एम’च. मैत्रिणीला मी सध्या ‘ए’ सांगितलंय.