आकडा दाखवणारी पेटी: ‘हाय-रेझोल्यूशन’ संगीताच्या नावाखाली झालेली फसवणूक

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मध्यंतरात ज्या गृहस्थांशी माझी ओळख झाली, त्यांनी पुढच्या पाच आठवड्यांत मला ४६,००० रुपयांना फसवले. त्यांपैकी ३४,००० रुपये एका ‘डॅक’चे होते, म्हणजे संगणकातील डिजिटल ध्वनीचे ॲम्प्लिफायरला चालेल अशा विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या बाहेरून जोडायच्या पेटीचे. उरलेले १२,००० रुपये एका हार्ड डिस्कचे होते, जिच्यात मूळ मास्टर टेपवरून, म्हणजे स्टुडिओतल्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झमध्ये (एका सेकंदात आवाजाचे १,९२,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांत मोजलेला; यालाच ‘हाय-रेझोल्यूशन’ म्हणतात) उतरवलेले हिंदुस्थानी संगीत असल्याचे मला सांगण्यात आले होते. पेटी आणि डिस्क, दोन्ही खोट्या निघाल्या. त्यानंतर अशाच पद्धतीने फसलेले आणखी दोन श्रोते मला भेटले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझ्या वडिलांनी जमवलेल्या कॅसेटी आमच्याकडे दोन पत्र्याच्या ट्रंकांत आहेत. त्यांतल्या बऱ्याच आता सूर धरत नाहीत. तानपुराच डगमगतो, मग गाणे ऐकवत नाही. त्या कॅसेटींवरच्या मैफली पुन्हा स्वच्छ ऐकायला मिळाव्यात ही माझी इच्छा मी त्या गृहस्थांना पहिल्याच भेटीत बोलून दाखवली आणि त्यांनी ती अतिशय आस्थेने ऐकून घेतली. त्यांना गाण्यातले कळत होते, हे मी आजही नाकारणार नाही. बंदिशी, घराणी, कोणत्या गायकाची कोणती ध्वनिमुद्रिका कधी आली, यांवर ते तासभर बोलू शकत होते आणि जो माणूस मारव्यातल्या कोमल रिषभावर इतके नेमके बोलतो तो यंत्राच्या बाबतीत खोटे बोलेल, अशी शंका मनात येत नाही.

आठवड्याभराने ते घरी आले. पेटी काळ्या ॲल्युमिनियमची, हातात घेतल्यावर चांगलीच जड, आणि समोर निळ्या अक्षरांत ‘१९२’ हा आकडा. आत जपानच्या असाही कासेई कंपनीची चिप आहे, त्या कंपनीचा कारखाना जळाला, त्यामुळे ही चिप आता मिळेनाशी झाली आहे आणि म्हणून किंमत एवढी आहे, असे त्यांनी सांगितले. त्या रात्री मी शोध घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील त्या कंपनीच्या चिप-कारखान्याला खरोखरच मोठी आग लागली होती आणि त्यानंतर ध्वनी-उपकरणांच्या धंद्यात त्या चिपांचा दीर्घकाळ तुटवडा पडला होता. ही माहिती खरी निघाल्याबरोबर मी बाकीचेही सारे खरे धरले. माझी मूळ चूक येथे झाली. जे मी तपासले त्याचा माझ्यासमोर ठेवलेल्या पेटीशी काहीही संबंध नव्हता. जपानमध्ये आग लागली यावरून या पेटीत जपानी चिप आहे हे सिद्ध होत नव्हते.

प्रात्यक्षिकही त्यांनी विचारपूर्वक मांडले होते. एकच ख्याल आधी माझ्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून ॲम्प्लिफायरला जोडून ऐकवला, मग तोच त्या पेटीतून. दुसऱ्या वेळी तबल्याच्या चाटीला धार आली, गायकाचा श्वास ऐकू आला, तानपुऱ्याची जवारी मोकळी झाली. माझ्या पत्नीलाही फरक जाणवला. मी त्याच संध्याकाळी २०,००० रुपये यूपीआयने दिले आणि उरलेले २६,००० दुसऱ्या दिवशी रोख. पावती मागितली तेव्हा “साहेब, आपल्यात पावती कसली?” असे म्हणून त्यांनी एका चिठ्ठीवर रक्कम आणि तारीख लिहून दिली. चिठ्ठीवर सही आहे. पत्ता, उपकरणाचे नाव आणि अनुक्रमांक यांपैकी काहीही नाही.

चार महिने मी समाधानाने ऐकत होतो. मे महिन्यात माझा भाचा सुट्टीला आला. तो मुंबईत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. जेवणानंतर मी मोठ्या अभिमानाने डिस्कवरचा एक यमन लावला. तो पाच-सात मिनिटे काही बोलला नाही, मग त्याने विचारले, “मामा, ही फाईल जरा उघडून बघू का?”

त्याने ‘स्पेक’ नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती फाईल टाकली. या प्रोग्रॅममध्ये आवाजाचे चित्र उमटते: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर कंपनसंख्या, आणि जिथे ध्वनी आहे तिथे रंग. १९२ किलोहर्ट्झची फाईल असेल तर उभी पट्टी ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाते, कारण एका सेकंदात जितके नमुने घेतले जातात त्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच ध्वनी त्यांत मावतो. माझ्या यमनच्या चित्रात तळाशी पिवळ्या-तांबड्या रेघांची एक बारीकशी पट्टी होती, ती १६ किलोहर्ट्झपाशी कात्रीने कापल्यासारखी सरळ संपत होती, आणि तिथून वर ९६ पर्यंत निव्वळ काळोख होता. पडद्याचा सहा भागांतला जवळजवळ पाच भाग रिकामा होता. कमी दर्जाच्या, म्हणजे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिटांच्या) एमपीथ्री फाईल बनवताना जागा वाचवण्यासाठी साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी टाकून दिला जातो. ही कापलेली कड त्याचीच खूण होती. कोणीतरी जुनी एमपीथ्री घेऊन ती संगणकावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फ्लॅक फाईलमध्ये (ध्वनीतले काहीही न गाळता साठवणाऱ्या प्रकारात) बदलली होती. एकदा टाकून दिलेले अशा बदलाने परत येत नाही, फक्त फाईलचा आकार वाढतो. खऱ्या टेपवरून उतरवलेली फाईल असती, तर गाणे थांबल्यावरही टेपची सळसळ २० किलोहर्ट्झच्या पलीकडे हळूहळू विरत गेलेली दिसली असती, असे त्याने सांगितले आणि त्याच्याकडच्या एका अस्सल फाईलचे चित्र शेजारी उघडून दाखवले. तिथे कड नव्हती, धूसर होत जाणारे धुके होते.

त्या रात्री आम्ही डिस्कवरच्या साठ फाईली तपासल्या. एक्केचाळीसमध्ये १६ किलोहर्ट्झची तीच कड होती. तेरा फाईली २२ किलोहर्ट्झपाशी संपत होत्या, म्हणजे त्या सरळ सीडीवरून घेतलेल्या असाव्यात. सीडीचा नमुनादर ४४.१ किलोहर्ट्झ असल्याने तिची मर्यादा तिथेच येते. पाच फाईलींत १५,६२५ हर्ट्झवर एक केसासारखी बारीक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेलेली होती. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन संचांत एका सेकंदात २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रात ६२५ ओळी काढल्या जात. त्या गुणाकाराचीच ही शिट्टी. गाणे दूरदर्शनवरून किंवा व्हिडिओ कॅसेटवरून घेतलेले असण्याची ती खूण असू शकते. मात्र स्टुडिओतच एखादा संच चालू असला तरी अशी रेघ उमटते, म्हणून केवळ तिच्यावरून भाच्याने त्या पाच फाईलींना खोटे ठरवले नाही. त्याची ही काळजी मला फार मोलाची वाटली. साठव्या फाईलीत स्वच्छ १९ किलोहर्ट्झवर एक रेघ होती. एफएम रेडिओच्या स्टिरिओ प्रक्षेपणात याच ठिकाणी एक मार्गदर्शक सूर सोडलेला असतो. ‘मास्टर टेप’ म्हणून विकलेले ते गाणे बहुधा कोणीतरी घरी रेडिओवरून टिपलेले होते.

मग आम्ही पेटीकडे वळलो. भाच्याने सीडीवरून घेतलेली ४४.१ किलोहर्ट्झची फाईल लावली, पेटीवर ‘१९२’च. केवळ एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे त्याने आधीच बजावले. विंडोज संगणकातला ध्वनी साधारणतः एका सामाईक मिश्रकातून जातो, आणि सेटिंगमध्ये जो दर निवडलेला असेल त्या एकाच दरात सगळे बदलून पुढे पाठवले जाते. म्हणून त्याने वाजवण्याचा प्रोग्रॅम असा लावला की तो मिश्रक वगळून थेट उपकरणाशी बोलेल. तशा व्यवस्थेत १९२ किलोहर्ट्झची फाईल वाजेचना. उपकरण हा दर स्वीकारत नाही, असा संदेश आला. ध्वनीच्या सेटिंगमधली यादी उघडली, तर तिच्यात १६ बिटच्या वर आणि ४८ किलोहर्ट्झच्या वर एकही पर्याय नव्हता. इतके दिवस विंडोज माझ्या तथाकथित १९२च्या फाईली मुकाट्याने ४८ वर उतरवून पेटीला देत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शेवटी त्याने संगणकाची यूएसबी वायर उपसून काढली. पेटीला भिंतीतून वेगळी वीज होती, त्यामुळे ती बंद पडली नाही, आणि आत काहीही येत नसताना निळा ‘१९२’ तसाच जळत राहिला.

मागचे चार स्क्रू काढले. तळाला लोखंडाची एक पट्टी चिकटवलेली होती. पेटीच्या वजनाचे कारण ते होते. मुख्य चिपवरचा क्रमांक घासून काढलेला होता, पण संगणकाला उपकरण जो ओळख-क्रमांक कळवते त्यावरून ती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम २७०४ असल्याचे कळले. ही चिप वाईट नव्हे. ती १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत काम करते, तेवढेच करण्यासाठी बनवलेली आहे आणि स्वस्त उपकरणांत प्रामाणिकपणे वापरली जाते. निळा आकडा वेगळ्या तारांवर होता. ध्वनीच्या मार्गाशी त्याची कोणतीही जोडणी नव्हती.

राहिला प्रश्न त्या प्रात्यक्षिकाचा, कारण फरक मी माझ्या कानांनी ऐकला होता. भाच्याने २०० हर्ट्झचा एक सूर लॅपटॉपमधून आणि मग पेटीतून वाजवला आणि मल्टिमीटर लावला. त्या दिवशी ज्या खुणेवर लॅपटॉपचा आवाज ठेवलेला होता, तिथे तो ०.४५ व्होल्ट देत होता आणि पेटी ०.६४. हा साधारण ३ डेसिबलचा फरक आहे. एवढा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवेलच असे नाही, बहुतेकांना तो ‘जास्त मोकळा, जास्त जिवंत आवाज’ म्हणून जाणवतो. दोन्हींची पातळी सारखी करून, मला न सांगता त्याने दहा वेळा अदलाबदल केली आणि मी पाच वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणे उडवून जितके आले असते तितकेच. यात त्या सद्गृहस्थांचे सारे कसब होते. फरक खरा होता, त्याचे कारण खोटे सांगितले होते.

उच्च दराच्या फाईली म्हणजे थोतांड, असे माझे म्हणणे नाही. ध्वनिमुद्रण करताना २४ बिटांचा उपयोग निर्विवाद आहे. घरी ऐकताना मात्र फरक फार सूक्ष्म असतो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत उच्च दराचा ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला तरी श्रोत्यांना तो ओळखता आला नाही. त्याच नियतकालिकात २०१६ साली १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण आले, त्यात योग्य ओळखीचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. ज्या गोष्टीतला फरक प्रयोगशाळेत इतका बारीक आहे, तो दिवाणखान्यात पहिल्या झटक्यात ठळक ऐकू आला, तर आधी आवाजाची पातळी तपासावी, एवढे त्या वेळी मला कोणी सांगितले असते तर पैसे वाचले असते.

असे उपकरण घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पैसे देण्यापूर्वी ते आपल्याच संगणकाला जोडून दरांची यादी पाहावी, आणि फाईलींपैकी पाच-सहा आपण स्वतः निवडून त्यांचे चित्र काढावे. विक्रेत्याने निवडलेल्या फाईलींवर विसंबू नये. स्पेक आणि ऑडॅसिटी हे दोन्ही प्रोग्रॅम मोफत आहेत आणि एका फाईलीला मिनिटही लागत नाही. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. माझी पेटी कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आली होती आणि मी ते खोके दुसऱ्याच दिवशी रद्दीत दिले. ‘मास्टर टेपवरून’ असा दावा असेल, तर ती टेप कोणाच्या मालकीची आहे आणि विकण्याची परवानगी कोणी दिली, हे लेखी मागावे. मी ते विचारले नाही. त्या गायकांच्या वारसांचा आणि कंपन्यांचा हक्क डावलून मी गाणी विकत घेतली, ही बोचणी पैसे गेल्यापेक्षा जास्त आहे.

मी फोन केला तेव्हा त्या गृहस्थांनी “तुमच्या भाच्याला ॲनालॉगचा कान नाही” असे उत्तर दिले. नंतर फोन लागेनासा झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पोलिसांत लेखी अर्ज दिला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ही तक्रार आपण जिथे राहतो तिथे करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयने गेलेल्या २०,००० रुपयांची नोंद बँकेकडे आहे. रोख दिलेल्या २६,००० साठी माझ्याकडे फक्त ती चिठ्ठी आहे. तक्रार अजून प्रलंबित आहे. पेटी उघडलेल्या अवस्थेत, लोखंडी पट्टी आणि चारही स्क्रूंसह, एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली आहे आणि डिस्कवरची एकही फाईल मी पुसलेली नाही.