फुलांच्या खाद्यरंगांचा सेट: रंग एक नंबर, पण लेबलवरचा दावा पटला नाही

फुलांपासून केलेल्या खाद्यरंगांचा चार डब्यांचा सेट ऑनलाइन मागवला, गोकर्ण, लाल अंबाडी, झेंडू आणि करडई, सगळी पावडरच. ब्रँडचं नाव देत नाही, कारण असले दावे बऱ्याच लेबलांवर दिसतात आणि मला दाव्याबद्दलच बोलायचंय.

आधी रंग. गोकर्ण भारी आहे! कोमट पाण्यात चिमूटभर टाकली की गडद निळा रंग उतरतो, त्यात लिंबू पिळलं की डोळ्यांदेखत जांभळा होतो, अजून पिळलं की गुलाबीकडे झुकतो. यातली अँथोसायनिन्स ही रंगद्रव्यं आंबटपणाप्रमाणे रंग बदलतात, त्यामुळे निळाच हवा असेल तर आंबट काही घालू नका. अंबाडीचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. आंबट जेलीत ती लालभडक दिसते आणि खायचा सोडा घातलेल्या केकमध्ये मळकट करडी होऊन बसते, वर भट्टीच्या उष्णतेने उरलासुरला रंगही उतरतो. (अंबाडीत रंग पाकळ्यांत नसतो, फुलाखालच्या मांसल लाल निदलपुंजात (फुलाला धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या भागात) असतो, डब्यावर चित्र मात्र पाकळ्यांचं.)

झेंडूला जरा खटपट आहे. त्यातलं ल्युटिन हे रंगद्रव्य तेलात विरघळतं, पाण्यात नाही, म्हणून थेट क्रीममध्ये टाकली तर बारीक केशरी ठिपके तसेच दिसत राहतात. आधी चमचाभर कोमट तेलात किंवा बटरमध्ये घोटून घ्या, मग रंग एकसारखा लागतो. करडईचा पिवळा सगळ्यात बिनत्रासाचा, पाण्यात लगेच मिसळतो. झेंडू आणि करडई दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातले आहेत, त्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून.

आता दावा. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलंय, 'अँटीमायक्रोबियल' (म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं), 'पदार्थ जास्त दिवस टिकतो'. हे वाचून कुणी क्रीमचा केक बिनधास्त बाहेर ठेवला आणि तो लहान मुलांनी खाल्ला तर काय? फुलांच्या अर्काने जिवाणूंची वाढ रोखली जाते हे खोटं नाही, अंबाडीच्या अर्काचा स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलाय या जिवाणूंवर परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. पण तिथे दाट अर्क वापरतात, आपण पदार्थात चिमूटभर पूड घालतो, आणि पदार्थातल्या प्रथिनांशी नि फॅटशी हे घटक बांधले जातात तेव्हा होता नव्हता तो जोरही कमी होतो. अंबाडीच्या बाबतीत तर बराचसा परिणाम तिच्या आंबटपणाचा असतो. शिवाय पूड म्हणजे वाळवलेली वनस्पतीच, नीट वाळवली-साठवली नाही तर तिच्यातच बुरशी आणि जिवाणू असू शकतात.

मी एकाच क्रीमचे दोन भाग केले, एकात गोकर्ण घातली, दुसरा तसाच, दोन्ही फ्रीजमध्ये शेजारी शेजारी. दोन्ही जवळपास एकदमच आंबले. कंपनीला विचारलं की पदार्थात किती प्रमाण घातल्यावर किती टिकतं त्याचा टेस्ट रिपोर्ट द्या, तर 'नैसर्गिक आहे, सेफ आहे' एवढंच उत्तर आलं. हे उत्तर होतं का? अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्थेने) 2021 मध्ये गोकर्णाच्या अर्काला खाद्यरंग म्हणून परवानगी दिली, तीसुद्धा पाण्यात काढलेल्या अर्काला, आणि रंग म्हणून, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून नाही. त्यामुळे हे रंग घातलेला पदार्थ बिनरंगाचा असता तर जसा ठेवला असता अगदी तसाच ठेवा, फ्रीजमध्ये.

पॅकिंगही सुधारायला हवं. पारदर्शक बरणी दिसायला छान, पण उजेडाने ल्युटिन आणि अँथोसायनिन्स दोन्ही फिके पडतात, माझी झेंडूची पूड वरच्या थरात आत्ताच फिकट झालीये, तळाची अजून केशरी आहे. कोरड्या चमच्याने काढा आणि बरणी कपाटात अंधारात ठेवा.

रंगाला पाचपैकी चार, लेबलला एक. गोकर्ण आणि करडई सुट्या मिळाल्या तर परत घेईन, झेंडू मात्र गडद बरणीत यायला लागली तरच.