इंजिन बदलताय? धरमकाटा, हुकाचा काटा की चार पॅड?

स्पोर्ट्स कारमध्ये दुसरं इंजिन बसवायचं ठरलं की गॅरेजमध्ये आधी हॉर्सपॉवरची चर्चा रंगते. वजनाचं कोणी काढतच नाही. नागपुरात वजन तोलायला तीन वाटा आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

पहिली वाट ट्रकवाल्यांची: धरमकाटा. वाडी, कळमना, बुटीबोरीकडे ट्रकची गर्दी असते तिथे काटेही असतात. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या घ्या. आकडा ५ किंवा १० किलोंच्या पायरीने बदलतो, त्यामुळे बारकाव्याची अपेक्षा ठेवू नका. काटा जमिनीच्या पातळीतला हवा. चढावर अर्धी गाडी तिरकी उभी राहिली तर पुढच्या-मागच्या वजनाचा हिशेब बिघडतो.

उदाहरणाला माझदाची पहिली एमएक्स-५ घ्या, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर) २२६५ मिमी. समजा पुढे ५०० आणि मागे ४६० किलो भरले. मागचं वजन गुणिले व्हीलबेस, भागिले एकूण वजन: गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून १०८५ मिमीवर. जड इंजिन बसवल्यावर पुढे ५५५, मागे ४६३ आले, तर तो १०३० मिमीवर येतो. म्हणजे साडेपाच सेंटिमीटर नाकाकडे सरकला. एवढा फरक १० किलोंच्या पायरीतूनही दिसतो.

पण धरमकाट्यावर फरक कळतो तेव्हा गाडी जोडून झालेली असते. म्हणून मला जास्त आवडतो तो हुकाचा काटा. चेन पुलीला काटा, काट्याला इंजिन. जुनं-नवं दोन्ही सारख्याच अवस्थेत तोला: ऑइल काढलेलं, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर लावलेले. कॅटलॉगमधल्या वजनात यातलं काय धरलंय, याचा भरवसा नसतो. इंजिन समतोल लटकलं की हुकाखाली ओळंबा सोडा आणि ब्लॉकवर खडूने खूण करा. इंजिनाचा गुरुत्वमध्य त्याच रेषेवर असतो. ही खूण पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसली तर वाढीव वजनाचा थोडा वाटा मागच्या चाकांवर जातो. पुढे बसली तर मागची चाकं उलट हलकी होतात. माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते आधार, वेल्ड करण्याआधी हे कळणं सोन्यासारखं.

चार पॅडचा काटा, म्हणजे प्रत्येक चाकाखाली एक पॅड, सगळ्यात अचूक आणि सगळ्यात महाग. जमीन काही मिलिमीटर तिरकी असली तरी कोपऱ्यांचे आकडे फिरतात. जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन मोकळं करावं लागतं. स्प्रिंगची उंची बदलून तिरक्या कोपऱ्यांचा (पुढचा डावा-मागचा उजवा आणि उलट) समतोल साधता येतो, पुढचं-मागचं प्रमाण मात्र त्याने हलत नाही. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र) नसतील तर पॅड भाड्यानेही आणू नका. चार आकडे कळतील आणि हातात करण्यासारखं काहीच नसेल.

कोणतीही वाट धरा, पेट्रोल दोन्ही वेळी सारखं ठेवा. मी आधीची पावती फुल टाकीवर घेतली, नंतरची रिझर्व्हवर. नवं इंजिन हलकं निघालं म्हणून मित्रांना तर्री पोहे खिलवले. ४० लिटर पेट्रोल साधारण ३० किलो भरतं, हे दुसऱ्या प्लेटच्या वेळी आठवलं.

बाकी इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी लागते, तीही आधी. जुनं इंजिन उतरवण्यापूर्वीच्या पावत्याही त्याच फाइलमध्ये ठेवा. ते इंजिन एकदा भंगारात गेलं की आधीचं वजन पुन्हा मोजता येत नाही.