सोया वॅक्सचं पोतं आणि बिलावरचे चार आकडे

घरी मेणबत्त्या करणाऱ्या, त्यातही काचेच्या जारमध्ये सोया वॅक्स, म्हणजे सोयाबीन तेलाचं मेण, ओतणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय. 'शंभर टक्के सोया' म्हणून जे माझ्या माथी मारलं गेलं त्यात पॅराफिनच, म्हणजे पेट्रोलियमचं स्वस्त मेणच, जास्त होतं, आणि ज्या विक्रेत्यानं मारलं त्यानं आता कानावर हात ठेवलेत. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. डाव कसा टाकला ते मात्र सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की त्यानं पाठवलेला नमुना अस्सल होता. किलोभर मागवलेला, पैसे मोजून. मेणाची पापडी बोटांत दाबली की तेलकट होऊन पसरायची. जारमध्ये दुधी, अपारदर्शक बसायचं आणि आठवड्याभरात काचेच्या आतून पांढरट नक्षी उमटायची, ज्याला फ्रॉस्टिंग म्हणतात. जुन्या चॉकलेटवर पांढरा थर येतो ना, त्याच जातीचा प्रकार; चरबीचे स्फटिक बदलतात. गिऱ्हाईक त्याला खोट समजतं. मला ती बघून बरं वाटतं, कारण पॅराफिनवर ती अशी येत नाही.

त्या नमुन्यावर मी सगळं गणित बसवलं. जार कोणता, सुगंधी तेल किती (वजनाच्या आठ टक्के), वात कुठल्या नंबरची. वितळलेला सोया पॅराफिनपेक्षा घट्टसर असतो, वातीतून सावकाश वर चढतो, म्हणून त्याला एरवीपेक्षा जाड वात लागते. ही वात सापडेपर्यंत किती जार जाळावे लागतात ते करणारीलाच माहीत. ती सापडली तेव्हा पंचवीस-पंचवीस किलोची दोन पोती मागवली. भाव पॅराफिनच्या दुपटीच्या आसपास. फोनवर त्यानं वर मखलाशी केली, "ताई, तुमच्याच बार्शीकडचं सोयाबीन समजा." बार्शीच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात हे खरंय, पण त्याच्या मेणाचा बार्शीशी काय संबंध ते त्यालाच ठाऊक.

माल आला तो ऐन मे महिन्यात, अक्कलकोट रोडच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे. पारा ४२ च्या वर, गोदामाला पत्रा, आणि पोती दोन दिवस तिथंच पडून. जारसाठीचं सोया वॅक्स साधारण ४६ ते ५२ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एवढ्या उकाड्यात पापड्या एकमेकींना चिकटून ढेकळं व्हायला हवीत. हमालानं पोतं खाली टाकलं तर आतून खळखळ आवाज. "माल टकाटक आहे की मॅडम," तो म्हणाला. तिथंच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली. सोलापूरच्या मे महिन्यात सुट्टं, खडखडीत राहणारं सोया वॅक्स मी तरी पाहिलेलं नाही.

नवा लॉट आला की आधी जाळून बघायचं आणि मगच ऑर्डरीला हात लावायचा, हा माझ्याकडचा नियम. म्हणून नमुन्यातल्या उरलेल्या मेणाचा एक जार आणि नव्या पोत्याचा एक, तीच वात, तेच तेल, त्याच दिवशी ओतले आणि दोन आठवडे मुरायला ठेवले. फरक पेटवायच्या आधीच दिसला. नव्या जारमध्ये वातीभोवती खळगा पडला होता, मेण काचेपासून सुटलं होतं आणि पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब साचले होते, घाम फुटल्यागत. साधं पॅराफिन थंड होताना जास्त आकसतं आणि सोयाइतकं तेल धरून ठेवत नाही. जास्तीचं तेल बाहेर टाकतं. हे सुटं तेल वातीपाशी साचलं तर भडका उडू शकतो, म्हणून ते थेंब मी टिपून घेतले आणि मगच काडी लावली.

वाती पाच-सहा मिलिमीटरवर कापून दोन्ही जार शेजारी शेजारी लावले, पंखा बंद. चार तासांची एक फेरी. जुन्या जारची ज्योत शांत. मेण काठापर्यंत वितळलं, खोली जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा कमी. नव्या जारमधली ज्योत तिच्या दुप्पट, सारखी नाचणारी, टोकातून धुराची रेघ. वातीच्या शेंड्यावर काळं बोंड धरलं. दुसऱ्या तासाला काचेच्या काठाला काजळीची कड आली आणि जार हातात धरवेना. मी तिथंच विझवला. सोयासाठी बसवलेली जाड वात पातळ होणाऱ्या मेणात घातली की ती भसाभस ओढून घेते, दुसरं काय होणार! नुसता पैशाचा प्रश्न असता तर एवढं लिहिलं नसतं. हे जार लोकांच्या देव्हाऱ्यापाशी, पडद्याशेजारी, पोरांच्या हाताशी पेटतात.

फोन केला तर आधी उत्तर, "सोलापूरच्या हवामानामुळे होतं ताई." मग, "लॉट वेगळा आहे, तुम्ही वात बदला." शेवटी मेसेजवर, "थोडं ब्लेंड असतंच, सगळेच करतात." हा मेसेज मी लगेच जपून ठेवला, आणि बरं झालं, कारण दुसऱ्या दिवशी मला ब्लॉक केलं होतं.

ब्लेंडशी माझं वैर नाही, हेही सांगते. आमच्याकडच्या उन्हात निव्वळ सोयाचा जार पार्सलनं पाठवायचा म्हणजे जीव टांगणीला. थोडं कडक मेण मिसळलेलं असलं तर तो नीट पोचतो, सुगंधही चांगला फेकतो. मी स्वतः ब्लेंडचे जार विकते आणि लेबलावर तसं छापते. पण मिश्रण किती ते ठाऊक असलं तरच वात ठरवता येते. सोया म्हणून सोयाचा भाव घ्यायचा आणि आत पॅराफिन भरायचं, याला ब्लेंड नाही, टोपी घालणं म्हणतात.

खात्री करायला दोन गोष्टी केल्या. एक घरगुती: थोडं मेण वितळवून, थर्मामीटर घालून सावकाश ढवळत थंड केलं. गोठायला लागलं की पारा काही वेळ एका जागी रेंगाळतो. नमुन्याचा पन्नासच्या आतच थबकला, पोत्यातल्याचा ५६-५७ ला. मिश्रणात हा आकडा नेमका बोलत नाही, पण दोन लॉट एक नाहीत एवढं कळतं.

दुसरी चाचणी माझ्या जाऊबाईंनी सुचवली. त्या घरी साबण करतात. सोया वॅक्स म्हणजे शेवटी हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल, त्याचा कॉस्टिक सोड्यानं साबण होतो. पॅराफिनचा होत नाही, कितीही शिजवा. दहा ग्रॅम मेणाला साधारण दीड ग्रॅम कॉस्टिक, पाण्यात विरघळवून, डबल बॉयलरवर बराच वेळ ढवळत ठेवलं आणि मग भरपूर गरम पाण्यात ओतलं. नमुन्याच्या मेणाचं पाणी गढूळ झालं, फेसाळलं, वर काही उरलं नाही. पोत्यातल्याच्या पाण्यावर रात्रभरात मेणाची चकती धरली, टणक, नखानं टिचकी मारली तर टक्क वाजणारी. प्रमाण काढायला ही पद्धत कच्ची आहे, पण "आहे की नाही" याचं उत्तर स्वच्छ मिळतं. मात्र ज्यांना साबण करण्याची सवय आहे त्यांनीच हे करावं. हातमोजे, चष्मा, दारं-खिडक्या उघड्या, आणि कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको.

आणि एवढा खटाटोप चालू असताना पुरावा टेबलाच्या खणात पडलेला! बिलावर मालाचं नाव 'सोया वॅक्स फ्लेक्स', आणि शेजारी एचएसएन कोड, म्हणजे करासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, २७१२. हा कोड पॅराफिन आणि पेट्रोलियम मेणांचा. हायड्रोजनेटेड वनस्पती तेलांचा १५१६. काही विक्रेते सोयाला १५२१, म्हणजे वनस्पतींच्या मेणांचा कोड, लावतात, तेही एक वेळ समजू शकते. पण २७१२ म्हणजे गड्यानं कराच्या कागदावर खरं सांगितलं आणि मला खोटं. नमुन्याचं बिल काढून बघितलं, त्यावर १५१६ होता. मोठ्या मालाचे पैसे पाठवण्याआधी प्रोफॉर्मा बिल (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) मागवा आणि हे चार आकडे वाचा.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तिथून विक्रेत्याला विचारणा गेली, तेव्हा कुठे निम्मे पैसे परत करायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चाललीय. व्यवसायासाठी घेतलेला माल असला की 'तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येतो, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला धंदा २०१९ च्या कायद्यात त्यातून वगळलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

या सगळ्यात गणपतीच्या ऑर्डरी हातच्या गेल्या. पैसे अडकलेत म्हणून ते मेण वात बदलून खपवून टाक, असं घरातल्यांनी सुचवलं. पण वाद मालाच्या दर्जाचा असला की आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून दुसरं पोतं मी कारखान्याच्या शिलाईसकट, ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठीसकट तसंच ठेवलंय. पहिल्या पोत्यातलं उरलेलं मेणही वजन करून, फोटो काढून वेगळं बांधलंय, आणि नमुन्याचं शेवटचं पावशेर मेण दोन्हींच्या बिलांबरोबर एका डब्यात.