वॉल्झर यांचं ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’: घ्यावं का?

युद्धात नैतिक काय आणि अनैतिक काय, यावर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर यांचं हे घ्या. १९७७ चं, व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत लिहिलेलं.

सर्वांत भक्कम भाग ‘दुहेरी परिणामा’चा. जुना कॅथलिक नियम असा: नागरिकांना मारण्याचा हेतू नसेल आणि हानी प्रमाणात असेल, तर हल्ला क्षम्य. वॉल्झर म्हणतात, एवढ्यावर भागत नाही. नागरिक वाचवायला सैनिकाने स्वतः धोका पत्करायला हवा. पहिल्या महायुद्धातलं तळघराचं उदाहरण बघा. सैनिकाने तळघरात बॉम्ब टाकण्याआधी हाक मारली तर आतले गावकरी वाचतात, पण शत्रू लपला असेल तर तोही सावध होतो. तरीही हाक मारायचीच.

कच्चा दुवा म्हणजे ‘परम आणीबाणी’: अस्तित्वावरच घाला येत असेल तर नियम मोडण्याची सूट. नाझी विजयाचा धोका खरा होता तोवर जर्मन शहरांवरचे ब्रिटिश बॉम्बहल्ले समर्थनीय ठरू शकतात, १९४५ चा ड्रेस्डेन शहरावरचा हल्ला मात्र नाही, असा युक्तिवाद. पण ही सूट कधी संपली, हे ठरवायचं कुणी? दार एवढं किलकिलं ठेवलं तरी कुठलंही सरकार आत शिरेल.

अन्यायाच्या बाजूने लढणाऱ्या सैनिकालाही शत्रूला मारण्याचा समान हक्क असतो, असं वॉल्झर मानतात; तो कसा, या प्रश्नासाठी सोबत तत्त्वज्ञ जेफ मॅकमहान यांचं ‘किलिंग इन वॉर’ (२००९) वाचा.