मर्यादित खर्चातील गेमिंगसाठी रायझन ५ ५६००जी

ग्राफिक्स कार्डासाठी आज पैसे नाहीत, पण पुढेमागे ते घ्यायचे आहे, अशांसाठी एएमडीचा २०२१ साली आलेला, ग्राफिक्सची सोय आतच असलेला रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर मला अजूनही योग्य वाटतो. सहा कोअर (गणना करणारे भाग), बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे), ६५ वॉट आणि खोक्यातच मिळणारा कूलर, एवढ्यावर पुतण्याचा संगणक उभा राहिला. प्रोसेसरमधल्याच वेगा ग्राफिक्सवर व्हॅलोरंटसारखे हलके खेळ १०८०पी (फुल एचडी) वर छान चालतात. जड खेळांसाठी मात्र कमी स्पष्टतेच्या ७२०पी पर्यंत उतरावे लागते.

खरी मेख रॅममध्ये आहे. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते संगणकाचीच रॅम वापरते, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता ३२०० वेगाच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात; दोन्ही एकत्र चालल्या, की ग्राफिक्सला मेमरी अधिक वेगाने मिळते. एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही आधी एकच पट्टी बसवली होती. जोडी झाल्यावर अडखळणारा खेळ सुरळीत झाला, तेव्हा पुतण्याचा आनंद पाहण्यासारखा होता.

पुढे कार्ड घेताना ध्यानात ठेवावे, की या प्रोसेसरमध्ये पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडण्याचा मार्ग) ची ३.० ही जुनी, कमी वेगाची आवृत्ती आहे, त्यामुळे चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरणारे आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड येथे मागे पडते आणि आठ लेनचे, ८ जीबी मेमरीचे आरएक्स ६६०० अधिक शोभते. कार्ड पहिल्याच दिवशी घेणार असाल, तर दुप्पट, म्हणजे ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) असलेला, पण आत ग्राफिक्स नसलेला साधा रायझन ५ ५६०० घ्यावा. पॉवर सप्लाय मात्र आजच पुढच्या कार्डाच्या हिशेबाने घ्यावा. आम्ही ५५० वॉटचा घेतला.