प्रेझमेर, बिएर्तान की विस्क्री? ट्रान्सिल्व्हेनियातलं एकच तटबंदीचं चर्च बघायचं असेल तर

रोमानियात मोजकेच दिवस असतील, तर ड्रॅक्युलाच्या नावाने खपवला जाणारा ब्रानचा किल्ला खुशाल गाळा आणि एखादं तटबंदीचं गावचर्च बघा. बाराव्या शतकात हंगेरीच्या राजाने ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या मध्य रोमानियात, जर्मन भाषक लोक, म्हणजे सॅक्सन, आणून वसवले. आधी १२४१ मध्ये मंगोल चालून आले, पुढे ऑटोमन तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. मदतीला फौज येईपर्यंत गाव राखेत जाणार, हे उमगल्यावर लोकांनी चर्चभोवतीच तट घातला. आपल्याकडची गढी देशमुखाची असायची. ही अख्ख्या गावाची.

हे डोळ्यांनी कळतं ते प्रेझमेरला. तट सुमारे १२ मीटर उंच, आणि आतून त्याला चिकटून मजल्यावर मजले चढवलेल्या अडीचशेहून जास्त खोल्या. लाकडी जिने, अरुंद सज्जे, दारांवर क्रमांक. घरटी एक खोली. एरवी तिथे धान्य, वेढा पडला की माणसं. मुलांची शाळासुद्धा तटातच. चर्च त्यामानाने साधं आहे. ब्राशोव शहराहून अंतरही किरकोळ.

बिएर्तानचा थाट वेगळा. टेकडीवर गॉथिक चर्च, भोवती तटांची तीन कडी; १५७२ ते १८६७ इथे लुथरन (प्रोटेस्टंट) बिशपांचं पीठ होतं. डझनाहून जास्त खिट्ट्या एका किल्लीने सरकवणारं चर्चमधल्या पूजासाहित्याच्या खोलीचं कुलूप मात्र चुकवू नका. काडीमोड मागणाऱ्या जोडप्याला एक खाट, एक ताट, एक चमचा देऊन कोंडायचे, ती कोठडीही दाखवतात. गोष्ट झकास आहे, पण केवळ तिच्यासाठी वाट वाकडी करू नये.

विस्क्रीचं चर्च छोटं, पांढरं. खरी मजा गावात आहे. १९८९ नंतर बहुतेक सॅक्सन जर्मनीला निघून गेले. जुनी घरं पुढे संस्थांनी, कारागिरांनी सावरली. ब्रिटनच्या राजे चार्ल्सनीही इथे घर घेतल्यापासून गर्दी वाढली.

युनेस्कोच्या शिक्क्यावरून निवड होणार नाही: बिएर्तान १९९३ मध्ये यादीत आलं, बाकी दोन्ही १९९९ मध्ये. मुलं बरोबर असतील किंवा मुक्काम ब्राशोवला असेल तर डोळे मिटून प्रेझमेर. सिगिशोआरा शहरात राहणार असाल तर बिएर्तान. विस्क्रीला उभ्या उभ्या जाऊन येण्यात अर्थ नाही. रात्रीचा मुक्काम जमत असेल तरच जा.